ओल भिंतीला, बोल सुनेला

घरात बुरशी दिसली की लोक आधी घरातल्या बाईकडे बघतात, भिंतीकडे नंतर. नोकरीची सगळी वर्षं मी हे पाहत आले आणि निवृत्त झाल्यावरही त्याचा राग काही जात नाही. उलट आता जास्तच येतो, कारण आता तो गिळून गिऱ्हाइकाशी गोड बोलायची सक्ती राहिलेली नाही.

सुरतेत एका रंगाच्या कंपनीच्या शाखेत मी तक्रारींची पाहणी करायचे. शिक्षण स्थापत्य पदविकेचं, माहेर धुळ्याचं, लग्न होऊन इथे आले ती इथलीच झाले. कुणाच्या घरचा रंग फुगला, सुटला, काळा पडला की तो दुकानदाराकडे भांडायला जायचा, दुकानदार कंपनीला फोन करायचा आणि कंपनी मला पाठवायची. पिशवीत टॉर्च, हातमोजे आणि भिंतीतली ओल मोजायचं एक छोटं यंत्र. दार उघडणारा गृहस्थ हमखास माझ्या मागे जिन्याकडे बघायचा, साहेब अजून वर आले नाहीत की काय म्हणून. मीच साहेब आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा पडायचा. बायकांना मात्र बरं वाटायचं. पुरुषाला कुणी कपाटाच्या आतला कोपरा दाखवत नाही, मला दाखवायच्या. बुरशी नेमकी तिथे असते.

हे काम न केलेल्यांसाठी थोडं सांगते. बुरशीचं बी हवेत सगळीकडे असतं. तुमच्या घरात आत्ताही आहे, कितीही झाडलंत तरी असणार. त्याला रुजायला फक्त पाणी लागतं. पाइप गळत असेल, गच्ची झिरपत असेल, जमिनीतून ओल चढत असेल, तर लोकांना ते समजतं. पण पाणी हवेतूनही येतं, हे सांगितलं की माझ्याकडे संशयाने बघतात. फ्रिजमधली बाटली टेबलावर ठेवली की तिला बाहेरून घाम फुटतो. ते पाणी बाटलीतून गळलेलं नसतं, खोलीतल्या हवेतलं असतं. सुरतेत तापी उशाशी, समुद्र फार लांब नाही, पावसाळ्यात बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं. अशा हवेत एखादी भिंत गार राहिली, की तिलाही त्या बाटलीसारखाच घाम येतो. तो डोळ्यांना दिसेल इतका नसतो, पण बुरशीला तेवढा पुरतो.

आणि मग लोक काय करतात? रंग लावतात. अडाजणला एक शिक्षक होते, सज्जन माणूस. बैठकीच्या खोलीत काळे डाग आले म्हणून त्यांनी त्यावर फुलाफुलांचा भारी वॉलपेपर चिकटवला. त्या कागदाची खळ बुरशीने आनंदाने खाल्ली. घरात वास येऊ लागला तेव्हा त्यांनी सकाळ-संध्याकाळ उदबत्त्या वाढवल्या आणि बायकोला केर नीट काढत जा म्हणून सांगितलं. मी कागदाचा कोपरा ओढला तर मागची भिंत काळीकुट्ट. वरच्या मजल्यावरच्या मोरीचा पाइप भिंतीत फुटला होता. त्यांच्या पत्नींनी माझ्याकडे बघितलं. मग हातातला झाडू त्यांनी कोपऱ्यात जरा जोरात ठेवला.

दुसरे एक गृहस्थ रात्रंदिवस एसी लावायचे आणि ताजी हवा हवी म्हणून खिडकी अर्धी उघडी ठेवायचे. बाहेरची दमट हवा आत येणार आणि गार भिंतीवर बसणार. खिडकी किंवा एसी, एकच काय ते ठेवा, एवढंच मी सांगितलं. ते म्हणाले, सगळ्यात भारी रंग लावलाय, आता जबाबदारी रंगाची. आमच्या कंपनीच्या जाहिरातीतही तेच म्हटलेलं असायचं, तेव्हा दोष त्यांना तरी किती द्यावा. बुरशी धरत नाही असा रंग मिळतो, थोडा काळ तो टिकतोही. पण पाणी थांबवलं नाही तर बुरशी त्याच्यावरही येते. हे मी शाखेच्या बैठकीत म्हणायचे आणि व्यवस्थापक दुसरा विषय काढायचे.

पण मला सांगायचंय ते सुरतेच्याच गोडादरा भागातल्या एका घराचं. त्या घराने मला जितका संताप दिला तितका दुसऱ्या कुठल्याच घराने दिला नाही.

चार मजल्यांची इमारत, बरीचशी वस्ती खानदेशातली. यंत्रमागावर नाहीतर कापड मार्केटमध्ये काम करणारी माणसं. श्रावण चालू होता. दुसऱ्या मजल्यावर योगेश नावाच्या तरुणाचं घर होतं. तो मार्केटमध्ये साड्यांची पार्सलं रवाना करायच्या कामावर. वडील नव्हते. घरात आई जिजाबाई, बायको मनीषा आणि शाळेत नुकतीच जाऊ लागलेली मुलगी आरोही. आतल्या खोलीची भिंत दर पावसाळ्यात काळी पडते, दिवाळीला रंग देतात, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच, अशी तक्रार होती.

मी आत गेले तेव्हा एक वयस्कर गृहस्थ स्टुलावर चढून ती भिंत तारेच्या ब्रशने खसाखसा घासत होते. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, अंगावर सगळीकडे काळी-हिरवी पूड. मला वाटलं रंगारी. मी जरा रागानेच म्हटलं, थांबा, कोरडं घासू नका, ही पूड सगळ्या घरात उडते आणि श्वासातून आत जाते. ते लगेच खाली उतरले आणि हात जोडून उभे राहिले. रंगारी असा हात जोडून उभा राहत नाही. मी जिजाबाईंकडे बघितलं.

"हाऊ तिना बाप," त्या मनीषाकडे मान वळवून म्हणाल्या. "बलायेल शे. पोरले काय शिकाडं ते देखू दे त्याले."

हा तिचा बाप, बोलावून घेतलाय, मुलीला काय शिकवलं ते बघू दे त्याला. मला क्षणभर ऐकलं त्यावर विश्वास बसेना. नंदुरबारकडच्या खेड्यातून, ऐन शेतीच्या कामात, या माणसाला फोन करून बोलावलं होतं. सुकदेव आबा त्यांचं नाव. तुमची मुलगी घर नीट ठेवत नाही, भिंतीला बुरशी येते, त्याने नातीला दम लागतो, तेव्हा येऊन बघा आणि मुलीला काही दिवस घेऊन जा, सुधारली की आणून सोडा, असं ऐकवलं होतं. दारामागे मनीषाची बॅग भरून ठेवलेली होती. आबा आदल्या दिवशी आले. भिंत बघून आपल्याच मुलीचा गुन्हा असल्यासारखं सकाळपासून घासत बसले होते. योगेश घरात होता आणि मोबाइलमध्ये बघत होता.

आरोही पलंगावर बसली होती. तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, तो मला दारातूनही ऐकू आला. मी आधी तिला त्या खोलीतून बाहेर काढायला लावलं. मनीषा तिला उचलून गेली. तेव्हा तिचे हात मी बघितले. साबणाने आणि ब्लीचिंगने बोटांची सालं निघाली होती. घर नीट न ठेवणाऱ्या बाईचे हात असे नसतात.

आबा माझ्याजवळ आले आणि खाली आवाजात म्हणाले, "ताई, मनी पोर घाण नई शे."

माझी मुलगी घाणेरडी नाही, असं ते सांगत होते. मी म्हटलं, मला माहीत आहे. ते मी दिलासा म्हणून बोलले नव्हते. स्वयंपाकघरातून येताना ओट्याखालची फरशी बघितली होती, डबे बघितले होते. घर लखलखीत होतं.

मग मी कामाला लागले. यंत्र लावून पाहिलं. भिंत वरवर ओली, आत खोलवर कोरडी. म्हणजे गळती नाही, जमिनीची ओल नाही. हात लावला तर भिंत गार, बाकीच्या भिंतींपेक्षा कितीतरी गार. ही बाहेरची भिंत नव्हती, पलीकडे शेजारचा फ्लॅट होता. तिथे काय आहे विचारलं. नरेशभाई नावाचे व्यापारी तिथे लग्नाच्या साड्या ठेवतात, माणूस राहत नाही, एसी मात्र कायम चालू, असं योगेश म्हणाला. आतल्या भिंती एका विटेच्या आडव्या जाडीच्या, हाताच्या वितीएवढ्याही नाहीत. पलीकडचा गारवा सरळ अलीकडे.

वर पाहिलं तर खोलीत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यावर ओले कपडे. चादरी, युनिफॉर्म, जिजाबाईंचं लुगडं. कपड्यातलं पाणी जातं कुठे? खोलीतल्या हवेत, आणि हवेतून त्या गार भिंतीवर. कपडे इथे का वाळवता असं मी विचारलं, तेव्हा मनीषा पहिल्यांदा बोलली. गच्चीला कुलूप असतं, म्हणाली. चेअरमन फक्त उत्तरायणाला उघडतात, पतंगासाठी. गॅलरीत बाहेर काही टांगायला बंदी आहे, इमारत वाईट दिसते म्हणून.

बाथरूममध्ये पंखा होता, चालूही होता, पण त्याची हवा परत अंगावर येत होती. तो मागच्या डक्टमध्ये उघडत होता. डक्ट म्हणजे सगळ्या बाथरूमच्या मागून खालपासून वरपर्यंत जाणारी उघडी पोकळी, दमट हवा बाहेर जाण्यासाठीच ठेवलेली. खिडकीतून टॉर्च मारला तर वर आकाश नाही, पत्रा. कबुतरं घाण करतात म्हणून चेअरमननी गच्चीवरून पत्रा टाकून डक्ट बंद करून टाकला होता. साऱ्या मजल्यांच्या अंघोळीची वाफ त्यात कोंडून पुन्हा घराघरांत शिरत होती.

गच्ची दुसऱ्याने बंद केलेली, डक्ट दुसऱ्याने बंद केलेला, भिंत तिसऱ्याने गार केलेली. आणि बॅग मनीषाची भरलेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी योगेशला सांगितलं की आज कुणी कुठे जाणार नाही, आणि तू मोबाइल ठेवून माझ्याबरोबर चल. जिजाबाईही निघाल्या. त्यांना बहुधा माझं म्हणणं खोटं पडताना बघायचं होतं.

नरेशभाईंची मला जास्त धास्ती होती. व्यापारी माणूस, आपल्या जागेत आपला एसी, तो का ऐकेल? तेही नेमके माल काढायला आले होते. त्यांना मी अलीकडे आणून भिंतीवर हात ठेवायला लावला. त्यांनी हात ठेवला, मग दाराशी बसलेल्या आरोहीकडे बघितलं. "बेन, मने खबरज नहोती," ताई, मला माहीतच नव्हतं, एवढंच ते म्हणाले. साड्यांना भेज, म्हणजे दमटपणा, लागू नये म्हणून एसी अगदी खाली ठेवला होता. कापडाला कोरडी हवा लागते, कडाक्याची थंडी नाही, हे मी त्यांना समजावलं. एसीचा आकडा वर न्या, दमटपणा ओढायचं बटण असतं ते वापरा, माल भिंतीपासून हातभर पुढे घ्या. त्यांनी माझ्यादेखत आकडा वर नेला. ज्याच्याशी भांडायची तयारी करून गेले, तो भांडलाच नाही.

भांडण चौथ्या मजल्यावर वाट बघत होतं. चेअरमन वसंतराव म्हणजे आपलेच, महाराष्ट्रातले, बँकेतून निवृत्त झालेले. घरात शोकेस, त्यात मुलांच्या ट्रॉफ्या. त्यांचा फ्लॅट इमारतीच्या पुढच्या बाजूला, डक्टपासून लांब, दोन्हीकडून वारा. त्यांनी मला खुर्ची दिली. जिजाबाई आणि योगेश उभेच होते, त्यांना बसा म्हणाले नाहीत. मी गच्चीचं, डक्टचं सगळं नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याशी जरा शुद्ध मराठीत, एकमेकांना कळणाऱ्या गोष्टी बोलाव्यात तशा सुरात म्हणाले, "मॅडम, तुम्ही सुशिक्षित आहात म्हणून सांगतो. गच्ची उघडली की या बायका मिरच्या घालतील, गोधड्या घालतील, गच्चीची वाट लागेल. आणि बुरशीचं म्हणाल तर ही माणसं राहतातच अशी. माझ्या घरात का नाही येत?"

मी त्यांना म्हटलं, तुमच्या घरात येत नाही कारण तुमच्या घराला वारा आहे, आणि यांचा वारा तुम्ही पत्रा टाकून बंद केलाय. त्यांनी चहाबद्दल विचारलं. मी नको म्हटलं. कुलूप काढणार नाही, तुम्ही कंपनीतर्फे चांगला रंग सुचवा, असं सांगून ते उठले. हा माणूस वाईट चालीचा नव्हता. सोसायटीची कामं वेळेवर करायचा, उत्सवाला पुढे असायचा. म्हणूनच जास्त चीड येते. त्याला खरोखर वाटत होतं की काही माणसांच्या भिंतींना बुरशी येणारच.

जिन्यात जिजाबाई थांबल्या. 'ही माणसं राहतातच अशी' हे त्यांनी ऐकलं होतं, आणि तेच त्या स्वतः सुनेला वर्षानुवर्षं ऐकवत होत्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे मी सांगू शकत नाही, पण त्या दुसऱ्या मजल्याकडे न उतरता तिसऱ्या मजल्यावरच्या एका दाराशी गेल्या. त्यांच्याच बरोबर वरचं घर ते. तिथल्या सुनेचं नाव कल्पना. कल्पनाचं घर बघ, आरशासारखं ठेवते, हे मनीषाला रोज ऐकावं लागायचं, असं योगेशने मला नंतर सांगितलं.

कल्पनाने दार उघडलं. जिजाबाईंनी सरळ विचारलं की तुमच्या मागच्या खोलीत बुरशी येते का. कल्पना आधी नाही म्हणाली. मग तिने आमच्या तिघांकडे पाहिलं, माझ्या हातातला टॉर्च पाहिला आणि बाजूला झाली. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर तिने देवांचं मोठं कॅलेंडर आणि त्याच्या शेजारी साडीचा पडदा लावला होता. पडद्यामागे कोपरा छतापर्यंत काळा. पाहुणे आले की मी या खोलीचं दार लावून घेते, असं ती म्हणाली आणि तिला रडू आलं. सासू गावी गेली की घासते, सासू आली की बुरशी पुन्हा येते.

मग आम्ही डक्टच्या बाजूची सगळी दारं वाजवली. प्रत्येक घरात बुरशी होती. कुठे कपाट सरकवून झाकलेली, कुठे चादर टांगलेली, कुठे फ्रिज पुढे घेतलेला. प्रत्येकीला वाटत होतं की ती फक्त आपल्याच घरात आहे. एका घरात तर सुनेचे वडील नाही, भाऊ येऊन गेला होता. एकाच पत्र्याखाली राहणाऱ्या या बायका रोज जिन्यात भेटत होत्या, भाजी निवडत होत्या आणि एकमेकींपासून भिंत लपवत होत्या. घाण म्हटलं जाईल या भीतीने माणसं रोगही लपवतात आणि गुन्हेगारही, आणि इथे गुन्हेगार म्हणजे एक पत्रा आणि एक कुलूप होतं.

जिजाबाई घरी आल्या, दारामागची बॅग उचलली आणि कपाटावर ठेवून दिली. निघण्याआधी मी साफसफाई समजावून सांगितली. मुलगी घरात नको, नाकाला फडकं, हातात मोजे. साबणाच्या पाण्याने भिंत आधी भिजवायची, मग फडक्याने पुसायची, ती फडकी धुवायची नाहीत, बांधून टाकून द्यायची. गादीला वास लागला असेल तर तीही टाकायची. मग पंखा लावून भिंत पुरती कोरडी होऊ द्यायची. पलंग आणि कपाट भिंतीपासून पुढे. आणि रंग यंदा नाही, भिंत कोरडी राहते हे दिसल्याशिवाय अजिबात नाही. आबा हे सगळं शाळेतल्या मुलासारखं ऐकत होते. ते दुसऱ्या दिवशी एकटेच गावी गेले.

पुढचं मला मनीषाने फोनवर सांगितलं. रविवारी सगळ्यांची मोठी धुणी असतात. जिजाबाईंनी डक्टच्या बाजूच्या सगळ्या घरांत निरोप फिरवला. ओल्या चादरी, गोधड्या, लुगडी, युनिफॉर्म, सगळं घेऊन बायका जिना चढल्या आणि चौथ्या मजल्यावर, चेअरमनच्या दारासमोरच्या कठड्यावर, जिन्याच्या रेलिंगवर, चपलांच्या स्टँडवर, जिथे मिळेल तिथे टांगत सुटल्या. वसंतरावांनी दार उघडलं तर तोंडासमोर ओली चादर. ते रागावले, नियम सांगू लागले. जिजाबाई पायरीवर बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "गच्ची उघाडा. नही ते कपडा आठेच वाळतीन." आठेच म्हणजे इथेच.

दुपारपर्यंत त्यांच्या दारात पाण्याचं तळं झालं. जिना आणि त्यांच्या बैठकीची खोली दोन्हीकडे ओल्या कपड्यांचा वास भरला. संध्याकाळी त्यांच्या पत्नीनेच किल्ली आणून जिजाबाईंच्या हातात दिली. डक्टवरचा पत्रा मात्र ते काढेनात. तो पुढच्या आठवड्यात योगेश आणि इतर पुरुषांनी वर जाऊन काढला आणि कबुतरांसाठी जाळी बसवली. योगेशने एवढं केलं हे नोंदवायला हवं, नाहीतर त्याच्याबद्दल लिहायला माझ्याकडे फारसं काही नाही.

ऑफिसात व्यवस्थापकांनी मला बोलावलं. त्या इमारतीतून रंगाची मागणी का आली नाही, असं त्यांनी विचारलं. सगळ्या घरांना बुरशी होती म्हणता, मग एवढी मोठी संधी. मी म्हटलं, तिथे रंगाची गरज नव्हती. ते म्हणाले, आपल्याला घरं वाळवायला पगार मिळत नाही. त्यांचं बोलणं हिशोबाने बरोबरच होतं. त्यानंतर मला गोडादरा, डिंडोली, पर्वत पाटिया हा सारा भाग मिळेनासा झाला आणि नव्या उंच इमारतींच्या पाहण्या माझ्याकडे आल्या. तिथे माणसं कमी आणि तक्रारी लांबलचक. मला त्या जुन्या भागातली घरं सुटल्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. तिथे आणखी किती बॅगा दारामागे भरून ठेवलेल्या असतील, हे मला कधीच कळणार नाही.

पावसाळा सरताना मी माझ्या वेळेत एकदा जाऊन आले. भिंत कोरडी होती. एका कोपऱ्यात थोडी खूण दिसत होती, तेवढी पुसून घेत जा म्हटलं. पुरती जाईल असं मी कुणाला कधी सांगितलं नाही. सुरतेच्या हवेत ओलीवर डोळा ठेवावाच लागतो, फक्त तो डोळा भिंतीवर, पाइपवर, पंख्यावर हवा. आरोहीला दम लागायचा कमी झाला होता, डॉक्टरांची औषधंही चालू होतीच. जिजाबाई खुशीत होत्या. माझ्यादेखत सुनेला म्हणाल्या की बघ, आता कशी छान ठेवतेस खोली.

मनीषा कपडे घड्या करत होती. ती थांबली. "आई," ती म्हणाली, "मी आधीही अशीच ठेवत होते."

तिचा आवाज चढलेला नव्हता. पण त्या घरात तिला असं बोलताना कुणी ऐकलं नसावं, कारण योगेशने मोबाइलमधून मान वर केली. जिजाबाई उठल्या आणि आपला मोबाइल योगेशपुढे धरून म्हणाल्या, तिच्या बापाला लाव. मला वाटलं आता पुन्हा काय. फोन लागल्यावर त्यांनी आबांना दिवाळीला यायचं आमंत्रण दिलं, आणि मग जरा थांबून, भिंतीचा दोष वेगळाच होता, पोरीचा नव्हता, असं एका दमात सांगून फोन मनीषाकडे दिला. माफी वगैरे शब्द त्यांच्या तोंडी आला नाही. पण ज्या तोंडाने बोल लावला होता त्याच तोंडाने तो काढला, तोही माझ्यासारख्या बाहेरच्या बाईसमोर. माझ्या अनुभवात असं करणारी माणसं फार थोडी.

दिवाळीत त्यांनी मलाही फराळाला बोलावलं. आबा आले होते, नवं धोतर नेसून. जिजाबाईंनी त्यांना आग्रहाने वाढलं. मग योगेश त्यांना म्हणाला की चला, आतली खोली बघा, भिंत किती कोरडी झालीय ते हात लावून बघा. सगळे उठले, मीही उठले. आबा मात्र बसूनच राहिले. त्यांनी आरोहीला मांडीवर घेतलं होतं.

"मी भित देखाले नई उनू," ते म्हणाले. "मनी पोरले देखाले उनू."

भिंत बघायला नाही आलो, माझ्या मुलीला बघायला आलो. योगेश परत खाली बसला. जिजाबाईंनी स्वयंपाकघराकडे वळून मनीषाला हाक मारली, हातातलं काम ठेव आणि बापाजवळ येऊन बस म्हणून. ती आली, पदराला हात पुसले आणि वडिलांच्या शेजारी बसली. आतल्या खोलीत त्या दिवशी कुणीच गेलं नाही.